काकांचं उड्डाण, काकूची साक्ष

माझ्या काकांना पुन्हा विमान चालवायचं आहे आणि काकूला ते नको आहे.

दोघं कॅलिफोर्नियात, सॅन होजेजवळ राहतात. काकांचा पेशा सॉफ्टवेअरचा. विमान ही हौस, पण वीसेक वर्षं मुरलेली: खासगी वैमानिकाचा रीतसर परवाना, क्लबचं चार आसनी सेसना १७२, आणि सिएरा नेवाडाचे डोंगर ओलांडून पलीकडे उतरण्याइतका सराव. काकू निवृत्त ऑडिटर. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढच्या वादात तिचा पेशा सारखा मध्ये येतो.

झालं ते असं. गेल्या उन्हाळ्यात दोघं विमानानं ट्रकीला उतरून लेक टाहोवर गेली होती. टाहोचं पाणी डोंगरावरच्या बर्फाचं, जूनमध्येही अंगाला झोंबणारं. जेवणाआधी काका पोहले, बाहेर आले, टॉवेल घेतला आणि काकूला विचारलं, "आपण इथे कसे आलो?" तिनं सांगितलं. दोन मिनिटांनी तोच प्रश्न, त्याच स्वरात. हे पाच तास चाललं. स्वतःचं नाव, बायको, मुलं, पुण्यातलं घर, सगळं ठाऊक होतं. चालणं-बोलणं ठीक. फक्त नवं काही डोक्यात टिकेना. हॉस्पिटलात संध्याकाळी हळूहळू गाडी रुळावर आली. ते पाच तास मात्र काकांच्या आयुष्यातून गेले ते गेलेच.

या प्रकाराला ट्रान्झियंट ग्लोबल अ‍ॅम्नेशिया म्हणतात, डॉक्टरांच्या बोलण्यात टीजीए. १९६४ मध्ये फिशर आणि अ‍ॅडम्स या दोन न्यूरॉलॉजिस्टांनी तो या नावानं मांडला. बहुतेक रुग्ण पन्नास ते सत्तर या वयातले. थंड पाण्यात उतरणं, जोराचा व्यायाम, शरीरसंबंध, तीव्र वेदना, मोठा मानसिक धक्का, यांपैकी काहीतरी पुष्कळदा आधी घडलेलं असतं. चोवीस तासांच्या आत सगळं निवळतं. निदानासाठी हॉजेस आणि वॉर्लो यांचे १९९० चे निकष अजून वापरतात, आणि त्यातला पहिलाच निकष असा की हल्ला कोणीतरी डोळ्यांनी पाहिलेला असला पाहिजे. रुग्णाच्या शब्दावर हे निदान होतच नाही. त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नसतं.

मी त्यांच्याकडे मुक्कामाला असताना जेवणाच्या टेबलावर हा वाद अनेक रात्री चालला. इथे तो कापून दिला आहे. एकेक मुद्दा दोघंही तीन-तीनदा मांडतात, आणि त्याला कुठलंही वैद्यकीय कारण नाही.

काका : मुळात हा आजार नव्हे. एकदा आलेला प्रसंग आहे. एमआरआयमध्ये हिप्पोकॅम्पसवर एक ठिपका दिसला, तो पुढच्या एमआरआयमध्ये नव्हता. ईईजी स्वच्छ. मानेच्या रक्तवाहिन्या स्वच्छ. यानं पक्षाघाताचा धोका वाढत नाही, असं न्यूरॉलॉजिस्ट स्वतः म्हणाला. गाडी चालवायला त्याची हरकत नाही.

काकू : गाडी बाजूला घेता येते.

काका : हे वाक्य मला आता सगळेच ऐकवतात. बरं, हिशेब करू, तुझ्याच भाषेत. मेयो क्लिनिकचा २०२० चा अभ्यास आहे. १,०४४ रुग्ण, त्यातल्या १४३ जणांना हे पुन्हा झालं. म्हणजे चौदा टक्क्यांच्या आत, तेही पुढच्या अनेक वर्षांत मिळून. मायग्रेन असणाऱ्यांत ते जास्त, आणि मला मायग्रेन नाही. तरी मी वर्षाला तीन टक्के धरतो, मुद्दाम चढवून. वर्षाचे तास ८,७६०. मी विमानात असतो फार तर पन्नास तास. ऐन हवेत हे होण्याची शक्यता सहा हजारांत एकाच्या आसपास येते. माझ्या वयाच्या माणसाला हार्ट अ‍ॅटॅक येण्याची शक्यता काढ, मग बोल.

काकू : वर्षाचे तास तुम्ही सारखे वाटून टाकलेत. झोपेचे तास, टीव्हीपुढचे तास, सगळे एका भावात. पण हे तुम्हाला टीव्हीपुढे झालं नाही. पोहल्यावर झालं. दमणं, गारठा, धावपळ हे सगळं तुमच्याकडे कधी असतं? सहलीला गेल्यावर. आणि सहलीला तुम्ही कशानं जाता? त्या दिवशी ऊन उतरल्यावर निघायचं ठरलं होतं. सहा हजार फुटांवरची धावपट्टी, दुपारच्या तापलेल्या विरळ हवेत विमान नीट चढत नाही, म्हणून. हे तुम्हीच मला सकाळी समजावलं होतंत. आठवतं?

काका : सकाळचंही नाही आठवत.

काकू : बघा. ती सकाळसुद्धा माझ्याकडेच आहे.

काकांच्या गणितात चूक नाही, असं माझं मत आहे. असंच गणित विमान-वैद्यकशास्त्र अधिकृतपणे करत आलं आहे. एका वैमानिकाची अचानक निकामी होण्याची शक्यता वर्षाला एक टक्क्याच्या आत असली तर चालेल, हा युरोपात रुजलेला 'एक टक्क्याचा नियम' त्यातूनच आला. पण तो दोन वैमानिकांच्या विमानासाठी आहे. एक कोसळला तरी शेजारचा सावरून घेईल हे त्यात गृहीत आहे. सेसना १७२ मध्ये शेजारच्या सीटवर काकू असते. आणि काकूचा आक्षेप आकडा किती याला नाही. आकडा कोण काढतंय याला आहे. मला तो जास्त गंभीर वाटतो.

काका : तुला वाटतं, मी बेशुद्ध पडेन आणि विमान खाली जाईल. तसं होत नसतं. टीजीएमध्ये हातांची कौशल्यं शाबूत राहतात. हल्ला चालू असताना लोकांनी गाडी चालवली आहे, वाद्यं वाजवली आहेत, वैद्यकीय नियतकालिकांत नोंदी आहेत. मी विमान सरळ धरेन, उतरवेनसुद्धा.

काकू : कुठे?

काका : म्हणजे?

काकू : कुठे उतरवाल? कुठे निघालो होतो हेच माहीत नसेल, तर कुठे उतरवणार? मला तुमच्या बेशुद्धीची भीती नाही. बेशुद्ध माणूस ओळखू तरी येतो. त्या दिवशी नर्सनं तुम्हाला सहा आकडे सांगितले, तुम्ही ते धडाधड उलट म्हणून दाखवलेत. ती माझ्याकडे बघून हसली. एका मिनिटानं तिनं तेच आकडे विचारले, तर तुम्ही म्हणालात, "कोणते आकडे?"

इथे काका गप्प झाले, आणि मी विमान चालवत नसूनही का ते मला कळलं. कंट्रोलर वैमानिकाला उंची सांगतो, दिशा सांगतो, रेडिओची फ्रिक्वेन्सी सांगतो. वैमानिकानं ते जसंच्या तसं परत म्हणून दाखवायचं, म्हणजे ऐकण्यातली चूक तिथल्या तिथे सापडते. टीजीएच्या रुग्णाची तात्पुरती, क्षणापुरती स्मृती चांगली असते. तो परत म्हणून दाखवेल आणि अचूक दाखवेल. जमिनीवर बसलेल्या माणसाला काही शंका येण्याचं कारण नाही. आणि अर्ध्या मिनिटात ती उंची, ती दिशा पुसली जाईल.

काका (थोड्या वेळानं) : आम्ही सगळं लिहून घेतो. मांडीवर पॅड बांधलेलं असतं. अगं, वैमानिकी उभीच राहिली आहे स्मरणशक्तीवर अविश्वास ठेवून. १९३५ साली डेटनजवळच्या राइट फील्डवर बोइंगचं नवं बॉम्बर विमान पडलं, ज्याचं पुढे बी-१७ झालं. चालवणारे नवशिके नव्हते, निवडक लोक होते. वाऱ्यानं शेपटीचे भाग हलू नयेत म्हणून जमिनीवर असताना लावायचं लॉक काढायचं राहिलं होतं. त्यानंतर चेकलिस्ट आली. म्हणजे नव्वद वर्षांपूर्वीच आम्ही मान्य केलं की माणूस विसरतो. माझं विसरणं यंत्रणेला नवीन नाही.

काकू : चेकलिस्ट कुठवर आलो हे लक्षात ठेवायला काय लागतं?

काका : बोट ठेवायचं ओळीवर.

काकू : मी तुमच्या हातात चिठ्ठी दिली होती. 'आपण टाहोला आलो आहोत, तुम्हाला तात्पुरतं विस्मरण झालंय, घाबरू नका.' तुम्ही ती प्रत्येक वेळी नव्यानं वाचत होतात आणि प्रत्येक वेळी नव्यानं घाबरत होतात. शेवटी मी ती काढून घेतली.

चिठ्ठीचा हा तपशील काकांना त्या रात्री पहिल्यांदा कळला. काकूनं तो आधी का सांगितला नव्हता, ते मी विचारलं नाही.

आता कायद्याकडे वळायला हवं, कारण खरा तिढा तिथे आहे. काकांकडे तिसऱ्या वर्गाचं मेडिकल सर्टिफिकेट आहे आणि कागदावर त्याची मुदत अजून संपलेली नाही. पण अमेरिकेत नियम असा, की आपल्याला असं काही झालंय ज्यामुळे मेडिकल मिळणार नाही, हे ठाऊक असेल तर खिशात सर्टिफिकेट असूनही उडायचं नाही. पोलिस येऊन थांबवत नाहीत, आपलं आपण थांबायचं. काका त्या दिवसापासून थांबले आहेत. विमानही क्लबच्या दुसऱ्या सभासदानं जाऊन परत आणलं.

पुढचा नियम जास्त अवघड. संज्ञेत बिघाड झाला, किंवा मज्जासंस्थेवरचा ताबा काही काळ सुटला, आणि त्याचं समाधानकारक वैद्यकीय कारण सांगता आलं नाही, तर तो माणूस अपात्र. टीजीएची गंमत अशी, की त्याचा मार्ग डॉक्टरांना नीट ठाऊक आहे, पुढे काय होतं तेही बरंचसं ठाऊक आहे, पण कारण ठाऊक नाही. मेंदूतून येणारं रक्त शिरांमध्ये तुंबतं म्हणून? मायग्रेनसारखी लाट पसरते म्हणून? हिप्पोकॅम्पसच्या एका कोपऱ्याला क्षणभर रक्त कमी पडतं म्हणून? तिन्ही बाजूंनी बोलणारे लोक आहेत. त्यामुळे तपासणारा डॉक्टर स्वतःच्या सहीनं असं मेडिकल देत नाही, कागद अमेरिकी विमानवाहतूक नियामक एफएएच्या ओक्लाहोमा सिटीतल्या वैद्यकीय विभागाकडे जातात. हॉस्पिटलचे कागद, एमआरआय, ईईजी, न्यूरॉलॉजिस्टचा अहवाल, सगळं. आणि वाट बघायची, महिनोन् महिने.

काका : आणि तिथे नाही म्हणाले तर सगळेच दरवाजे बंद. त्यापेक्षा मी अर्जच करत नाही. नवा नियम आलाय, ऑक्टोबर २०२५ पासून. स्पोर्ट पायलट म्हणून आता सेसना १७२ चालवता येतं, सोबत एक प्रवासी. मेडिकल लागत नाही, गाडीचा परवाना पुरतो. अट एवढीच की शेवटचा मेडिकलचा अर्ज नाकारलेला नसावा. माझा शेवटचा अर्ज मंजूर झालेला आहे.

काकू : म्हणजे विचारलं तर नाही म्हणतील, म्हणून विचारायचं नाही.

काका : कायद्यात बसतं.

काकू : दुसरी अट वाचा.

काका : कोणती?

काकू : तुम्हीच छापून आणलेल्या कागदावर आहे. विमान सुरक्षित चालवता येणार नाही अशी कुठलीही वैद्यकीय अडचण ठाऊक नसावी, किंवा ठाऊक असायला कारण नसावं. मी तीस वर्षं ऑडिट केलं. 'ठाऊक असायला कारण' या शब्दांवर भल्याभल्यांच्या सह्या अडकतात. तुम्हाला पाच तासांतलं काही ठाऊक नाही, हे खरं. पण कारण? कारण इथे तुमच्यासमोर बसलंय, वांग्याची भाजी वाढतंय.

काका : तू माझ्याविरुद्ध साक्ष देणार?

काकू : विरुद्ध म्हणून नाही. साक्ष म्हणून.

काकांचं घुम्यासारखं बसणं बघून मला त्यांची बाजू घ्यावीशी वाटली, आणि ती घेण्याजोगी आहेही. नियम जितका कडक, तितकी लपवालपवी जास्त. मेडिकलच्या फॉर्मवर खोटं लिहिलं तर अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आणि पाच वर्षांपर्यंत तुरुंग, असा इशारा त्याच फॉर्मवर छापलेला आहे. तरी वैमानिक डॉक्टरकडे जायचं टाळतात, कारण न नोंदलेल्या लक्षणावर कोणी प्रश्न विचारत नाही. २०१५ मध्ये जर्मनविंग्जच्या सहवैमानिकानं आल्प्समध्ये विमान मुद्दाम आपटलं आणि दीडशे माणसं गेली. काम करू नये असं लिहिलेल्या डॉक्टरच्या चिठ्ठ्या त्याच्या घरी सापडल्या, कंपनीला कळवलेल्या नव्हत्या. काकांची गोष्ट आणि ती गोष्ट यांत काही साम्य नाही, सोय करून लपवता येतं एवढं सोडून. भारतात तर काकांसारख्या हौशी माणसाला आडवाट शोधण्याइतकीही जागा नाही. इथे व्यावसायिक वैमानिकाचा असा गुंतागुंतीचा मामला डीजीसीएच्या आदेशानं बंगळूरच्या किंवा दिल्लीच्या हवाई दलाच्या वैद्यकीय संस्थेपर्यंत जातो, आणि 'तात्पुरता अपात्र' हा शिक्का घरच्या हप्त्यांवर बसतो. पोट त्यावर असलेल्या माणसानं खरं सांगावं अशी अपेक्षा करताना समोरच्यानं निदान उत्तर वेळेवर द्यावं. हे मी बोलून दाखवलं.

काकू : पटतं. उशीर करतात हे चूकच. पण यांचं पोट कुठे त्याच्यावर आहे?

काका : पोट नाही. बाकी सगळं आहे.

या वाक्यावर काकू उठून ताक आणायला गेली. परत आली ती दुसराच मुद्दा घेऊन.

काकू : तो ग्रॅव्हेलाइन माहीत आहे ना? नासानं १९६५ मध्ये निवडलेला डॉक्टर. वैमानिकांना तपासणारा माणूस. त्याला १९९९ मध्ये हेच झालं, आणि पुढच्याच वर्षी पुन्हा.

काका : त्यानं सगळं खापर कोलेस्टेरॉलच्या गोळीवर फोडलं. पुस्तक लिहिलं त्यावर.

काकू : आणि तुम्ही ती गोळी घेता.

काका : निम्मी अमेरिका घेते! एफडीएनं २०१२ मध्ये स्टॅटिनच्या माहितीपत्रकात विसराळूपणाचा उल्लेख घातला, पण तो क्वचित होणारा, गोळी थांबवली की जाणारा. टीजीएचं कारण म्हणून नाही घातला. एका माणसाचं उदाहरण हा पुरावा नसतो, हे ऑडिटरला सांगायला हवं का?

काकू : नको. तो मुद्दा मागे घेते.

(काकूनं मुद्दा मागे घेतलेला मी प्रथमच पाहिला. काकांनी लगेच आणखी एक वांगं घेतलं.)

काका : आणि हे मिरगीचं रूप नसेल कशावरून, म्हणून तू रात्री वाचत बसतेस, तेही मला माहीत आहे. ट्रान्झियंट एपिलेप्टिक अ‍ॅम्नेशिया. ते वेगळं असतं. बहुधा तासाभरात संपतं, पुष्कळदा झोपेतून उठताना येतं, आणि परत परत येतं. मला पाच तास होतं, भरदुपारी, एकदाच.

काकू : एकदाच हे आज म्हणता येतं. वर्षानं जास्त खात्रीनं म्हणता येईल. परत परत येणारी गोष्ट परत येते की नाही, हे वाट बघण्याशिवाय कळणार कसं? ओक्लाहोमावाले उशीर लावतात म्हणून तुम्ही चिडता. त्या काळात काही झालं नाही, तर तोच तुमचा सगळ्यात चांगला कागद होईल.

काका : आणि तोवर?

काकू : तोवर इन्स्ट्रक्टरला शेजारी बसवा. विमानाचा कप्तान तो असेल तर तुम्हाला मेडिकल लागत नाही, बरोबर ना? हात चालू राहतील.

काका : वीस वर्षांनी पुन्हा विद्यार्थी.

काकू : बोइंगमध्ये दोन माणसं बसतात, त्यातला कोणी विद्यार्थी नसतो.

माझ्या मते वाद इथे मिटायला हवा होता. मिटला नाही. काकांना वाटतं, हे सगळं झाल्यावर आणि ओक्लाहोमानं हो म्हटल्यावर काकूनं शेजारच्या सीटवर पूर्वीसारखं बसावं. काकू म्हणते, सरकारचं हो हे सरकारचं. ती बसेल की नाही हे तेव्हाचं तेव्हा, आणि नातीला मात्र कधीच नाही. काकांना हे अन्यायाचं वाटतं: कागदानं पात्र आणि घरात अपात्र. मला वाटतं तिला तो हक्क आहे. धोक्याचा अंदाज बांधायला आकडे पुरतात, पण त्या विमानात बसायचं की नाही हे बसणाऱ्यानं ठरवायचं असतं, आणि बसणाऱ्यांत फक्त तिनंच ते पाच तास पाहिलेत. काकांना हेच जड जातं. आपल्या डोक्यात काय झालं ते दुसऱ्याकडून ऐकायचं, आणि वर त्यावर विश्वास ठेवायचा.

शेवटी एवढं ठरलं की अर्ज करायचा, आडवाटेनं जायचं नाही, आणि हॉस्पिटलच्या कागदांबरोबर हल्ला पाहणाऱ्या व्यक्तीचं निवेदन जोडायचं. काकूनं तिथल्या तिथे लॅपटॉप उघडला. काका खुर्ची ओढून शेजारी बसले आणि पहिल्या परिच्छेदापासूनच सुधारणा सुचवू लागले.

काका : चिठ्ठीचं कशाला? ते वैयक्तिक आहे.

काकू : चिठ्ठी येणार. आकडे येणार. 'विमानाला पेट्रोल भरून येतो' म्हणून दोनदा उठलात, तेही येणार.

काका : मी उठलो होतो?

काकू : दोनदा. किल्ली माझ्या पर्समध्ये होती.

काका : हे लिहिलंस तर ते लोक काय म्हणतील?

काकू : वगळलं तर मग मी सही कशावर करू? बरं, वेळ नीट लिहू. पोहून आलात तेव्हा पावणेबारा. पहिला प्रश्न टॉवेल घेताना विचारलात. घरी फोन करायचा म्हणालात, तो त्याच्याआधी की नंतर?

काका : मला काय विचारतेस?